बहिणीचं रक्त मानवलं नाही

देवास, ४ नोव्हेंबर २०२४

मालोजीदादा,

हे पत्र कृतिकावहिनीच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर आईनं फोडलं असतं. फोन केला की तीच उचलते आणि "झोपलाय तो" म्हणून ठेवते. तुझ्या डोळ्यांना डॉक्टरांनी मोबाइल बंद केलाय. म्हणून हा कागद. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. डोळ्यांत थेंब घाल, पाच मिनिटं थांब, मग वाच. वहिनी हिंदी शाळेत शिकलेली, तिला माझं मराठी लागायचं नाही. तेव्हा हे आपल्या दोघांतच राहील.

काल भाऊबीज झाली. कशी झाली ते तुला माहीत आहे, तू समोरच बसला होतास.

देवासहून इंदूर, इंदूरला गंगवाल स्टँडवरून धारची दुसरी बस, असं करत मी अकराला दारात उभी होते. तोंडाला मास्क होता, हात दोनदा धुतले होते, पेढेसुद्धा आणले नव्हते, कारण बाहेरचं तुला चालत नाही. दार आईनं उघडलं, ते अर्धंच.

"मधू, आज नको," म्हणाली. "काकासाहेब आलेत. त्याला आत्ताशी कुठे बरं वाटतंय."

"मग ओवाळायला काय हरकत आहे?"

तेव्हा आतून काकासाहेबांचा आवाज आला. "वहिनीसाहेब, तिला समजवा. बहिणीचं रक्त मानवलं नाही त्याला, हे आता सगळ्या धारला ठाऊक आहे. परत समोर कशाला बसवायची?"

तू खुर्चीत होतास. काळा चष्मा, गुडघ्यावर शाल. माझ्यापासून पाच पावलांवर. तुला फक्त म्हणायचं होतं, "तिला आत येऊ द्या." चार शब्द. तू चष्मा नीट केलास आणि खिडकीकडे तोंड फिरवलंस.

मी ओवाळणीचं ताट पायरीवर ठेवलं आणि परत आले.

दादा, तुझ्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटला पेशी द्यायच्या म्हणून फेब्रुवारीत पाच दिवस रोज मी सुया टोचून घेतल्या. हाडं अशी ठणकायची की कंबर धरून जिना चढावा लागायचा. मग पाच तास त्या मशीनला दोन्ही हात बांधून पडून राहिले. मी उपकार सांगत नाहीये. पण ज्या पेशींवर तू आज श्वास घेतोयस त्या माझ्या आहेत, आणि त्यांना कोणी घाणेरडं म्हणत असताना तू खिडकीतून काय बघत होतास? रस्त्यावर काही चाललं होतं का?

आई हल्ली नातेवाइकांना सांगते की मी तीन दिवस हो म्हटलं नव्हतं. खरं आहे ते. तुझं-माझं वर्षभर बोलणं नव्हतं. मी देवासला एकटी खोली घेऊन राहते म्हणून तू मला काय काय बोलला होतास ते आठव. शिवाय मला सुयांची भीती वाटत होती. तीन दिवस मी भ्याले. चौथ्या दिवशी मी इंदूरला होते. ते तीन दिवस सगळ्यांना पाठ आहेत, चौथा कोणालाच आठवत नाही.

तुझं खरं काय झालं हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. तू सांग त्यांना. मी वाट बघते.

मधुवंती

देवास, १५ नोव्हेंबर २०२४

दादा,

अकरा दिवस झाले. पत्र पोचलं, हे वहिनीनं फोनवर सांगितलं. तुझं उत्तर नाही.

बरं, मग मीच लिहिते. तू निदान वाच तरी.

ऑगस्टमध्ये तुला पुन्हा दवाखान्यात घातलं तेव्हा तळहात-तळपाय भाजल्यासारखे लाल झाले होते, डोळे पिवळे आणि पोट थांबत नव्हतं. माझ्या पेशींनी तुझ्या कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवर हल्ला केला होता. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी जानेवारीतच आपल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. बहिणीच्या पेशी भावाला दिल्या तर हा धोका थोडा जास्त असतो, हेही लपवलं नव्हतं. त्यांचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "आपकी बहन के सेल नए घर में आ रहे हैं। उनको सब पराया लगेगा, वो लड़ेंगे। ये कैप्सूल उनको रोककर रखता है, जब तक वो इस घर को अपना न मान लें। सुबह नौ, रात नौ। एक भी नहीं छूटना चाहिए।"

वहिनीनं त्या दिवशी प्लास्टिकची खणाखणांची डबी घेतली. रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला ती तुझ्या हातावर कॅप्सूल ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि वहीत खूण करायची.

ऑगस्टमधला रक्ताचा रिपोर्ट दवाखान्याच्या खिडकीवरून मी आणला होता. मी कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते, आकडे वाचणं हे माझं पोट आहे. तुझ्या रक्तात त्या औषधाचा पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी तुला विचारलं तेव्हा तू वहिनीकडे बोट दाखवून म्हणालास, "रोज लेता हूँ सर। ये देती है।" आणि ती बिचारी वही पुढे करत होती.

त्याच संध्याकाळी तुझे कपडे आणायला मी धारला आले. तुझी मऊ बनियनं दुकानात ठेवली आहेत असं आई म्हणाली, म्हणून तुझं पाट्या कोरायचं दुकान उघडलं. संगमरवर घासायच्या पावडरीचा डबा फळीवरून पडला. आत पांढऱ्या पावडरीत कॅप्सूल होत्या. दीडशेच्या वर. काही फुगून फुटल्या होत्या, त्यांचा तो उग्र वास दुकानभर पसरला. मी खाली बसून एक एक वेचली.

म्हणजे तू रोज तोंडात टाकल्यासारखं करत होतास आणि वहिनीची पाठ वळली की खिशात. तिनं रोज खूण केली. जुलैच्या तपासणीत लेव्हल बरोबर आली होती, त्याचाही उलगडा झाला. तपासणीच्या आधी दोन दिवस घेत होतास ना? शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करायचास तसं.

डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी एकटीनं गाठून सांगितलं, कारण त्यांना न कळून चाललं नसतं. ते तुझ्याशी एकांतात बोलले, हेही मला माहीत आहे. घरच्यांना मी काही सांगितलं नाही. तेव्हा तू मरणाच्या दारात होतास. म्हटलं, उठेल, बोलायला लागेल, स्वतः सांगेल.

तू उठलास. बोलायलाही लागलास. आणि दवाखान्याच्या पॅसेजमध्ये काकासाहेब जेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "पोरीचं रक्त आहे, भांडणारच," तेव्हा आईनं मान हलवली आणि तू ऐकून घेतलंस.

त्याचं पुढे काय झालं तेही ऐक. आमच्या कारखान्यातले उमाशंकरजी माझ्यासाठी एक स्थळ बघत होते, मुलगा इथलाच, आपल्यातलाच. परवा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, बुरा मत मानना, लड़के वाले पूछ रहे हैं कि खून में कुछ खराबी है क्या?" स्थळ गेलं त्याचं मला फार दुःख नाही. पण अख्ख्या कारखान्यात आता मी खराब रक्ताची मुलगी आहे. जेवणाच्या सुट्टीत बायका कीव करत बघतात.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे लिहिते. तू सगळ्या कॅप्सूल वेळेवर घेतल्या असत्यास तरीही हे झालं असतं कदाचित. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं. पण आता ते कधीच कळणार नाही. माझ्या पेशी खरंच तुझ्याशी भांडल्या असत्या, की शहाण्यासारख्या राहिल्या असत्या, हे कळायचा एकमेव मार्ग तू पावडरीच्या डब्यात टाकलास. माझा जीव तिथे जळतो.

डबा माझ्याकडे आहे.

मधुवंती

देवास, २८ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन ओळी.

"मधू, डबा कोणाला दाखवू नकोस. आईला सहन होणार नाही. मी पूर्ण बरा झालो की माझा मीच सांगेन."

दगडावर ज्याची वेलांटी केसाएवढी हलत नव्हती त्याचं अक्षर असं वेडंवाकडं बघून मी चिठ्ठी उलटी करून ठेवली. दोन मिनिटं. मग मी पुन्हा वाचलं.

आईला सहन होणार नाही! आणि मला होतं वाटतं? वहिनीला होतं? त्या तीन ओळींत तिचं नाव नाही. "चुकलं" हा शब्द नाही. कॅप्सूल का टाकल्यास, याचं कारण नाही. पूर्ण बरा झाल्यावर म्हणजे कधी? तोवर काकासाहेबांनी अमझेऱ्यापासून धामनोदपर्यंत प्रत्येक सोयऱ्याच्या घरी माझं रक्त वाटून झालेलं असेल.

काल रात्री वहिनीचा फोन आला होता. गच्चीवरून बोलत होती, हळू आवाजात. ती शाळा सोडते आहे, हे तुला माहीत आहे का? "दीदी, मुझसे ही कहीं चूक हुई होगी। कोई डोज़ गलत दे दिया होगा। अब मैं घर पर ही रहूँगी, घड़ी देखकर दूँगी।" म्हणाली, वहीची पानं रात्री काढून बसते, कुठली खूण चुकली ते शोधत. हाटपिपल्याच्या साध्या घरातली मुलगी, स्वतःच्या हिमतीवर शिकून मास्तरीण झाली. त्या नोकरीवर आज तुझं घर चाललंय. आणि ती नोकरी तू तिला सोडू देतोयस, कारण तुला तोंड उघडायचं नाही.

मी फोनवर तिला डब्याचं सांगितलं नाही. दात आवळून ठेवले. जबडा अजून दुखतोय.

आता ऐक. आजपर्यंतची तीन पत्रं मराठीत लिहिली. चौथं हिंदीत लिहीन. शाळेच्याच पत्त्यावर, पाकिटावर तुझं नाही, तिचं नाव. रविवारी आठ डिसेंबर आहे. रविवार रात्रीपर्यंत तू तिला सांगितलं नाहीस तर सोमवारी ते पोस्टात पडेल.

काढाही बंद कर. काकासाहेब बाटली आणतात, आई गाळून देते, हे वहिनीनंच सांगितलं. असलं काही घ्यायचं नाही, हे डॉक्टरांनी भिंतीवर लावायच्या कागदात लिहून दिलंय. तो कागद आईनं देवाच्या फोटोमागे ठेवलाय, हेही मला माहीत आहे.

मधुवंती

धार बसस्टँड, ९ डिसेंबर २०२४, संध्याकाळ

दादा,

हे पत्र मी बसची वाट बघत बाकावर बसून लिहिते आहे. तासाभरापूर्वी तुझ्यासमोर होते, तरी लिहिते, कारण तू पूर्ण वेळ मान खाली घालून होतास, किती ऐकलंस कोण जाणे. आणि शाळेत काय झालं ते तुला माहीतच नाही.

हिंदीतलं पत्र मी काल लिहिलं. साडेचार पानं. आज सकाळी पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले, अर्धं पाकीट आत सरकवलं, आणि हात थांबला. वाटलं, ही शाळेत मुलांसमोर पाकीट फोडेल. तुला मारायला मी तिला काठी करते आहे. पाकीट परत काढलं, रजा टाकली आणि बस धरली.

शाळेत मधली सुट्टी होती. वहिनीनं मला बघितलं आणि पोरांना पटांगणात पिटाळून वर्गाचं दार लोटलं. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला एक सांगायचंय. बसा."

ती बसली नाही. टेबलाचा खण उघडून तिनं एक वही काढली. त्यात माझी तिन्ही पत्रं तिच्या अक्षरात उतरवलेली होती. एका पानावर मराठी, समोर हिंदी. अडलेल्या शब्दांखाली रेघा.

"मराठी नहीं आती, ये किसने कहा आपको?" ती म्हणाली. "धीरे पढ़ती हूँ। पाकिटातून काढायची, उतरवायची, पुन्हा चिकटवायची आणि मग यांना द्यायची. शब्द अडला तर पोरांच्या आज्यांना विचारायची."

मी म्हटलं, "म्हणजे डबा..."

"दूसरी चिट्ठी से पता है।"

"मग त्या दिवशी फोनवर शाळा सोडते म्हणालात ते?"

"ते यांना ऐकू जावं म्हणून. गच्चीच्या दाराशी उभे होते. मला बघायचं होतं, माझी नोकरी जाताना तरी बोलतात का." तिनं वही मिटली. "नाही बोलले. कल रात नौ बजे भी कैप्सूल दी, सामने खड़ी रही, मुँह खुलवाकर देखा। तब भी नहीं।"

दादा, मला वाटत होतं मी एकटीच वाट बघते आहे. आम्ही दोघी बघत होतो. आणि खरं सांगू? ती शांत होती, मी नव्हते. मी तीन महिने गप्प राहिले त्याला मी तुझी काळजी असं नाव दिलं होतं. थोडी होतीच. पण मला तुला पकडायचंही होतं. आजवर घरात तू कायम बरोबर आणि मी कायम आगाऊ. एकदा तरी तुझी चूक माझ्या मुठीत हवी होती. हे लिहायला लाज वाटते, पण मी तुझ्याकडून खरं मागते आहे तर माझंही लिहायला हवं.

पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. काकासाहेब होते हे बरं झालं. वहिनीनं चपला काढल्या, हात धुतले, तुझ्यासमोर बसली आणि मराठीत म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

आणि तू सांगितलंस. शेवटी. जमिनीकडे बघत, पण सांगितलंस. अमझेऱ्याच्या शाळेची पाटी कोरताना छिन्नी थरथरली आणि देणगी देणाऱ्याचं नाव बिघडलं. तो माणूस दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "मालोजीराव, आता तुमच्याच्यानं होत नाही." थरथर त्या गोळीनं होते, हे तुला माहीत होतं. काकासाहेब म्हणत होते, लोक इम्युनिटी वाढवायला धडपडतात आणि तू मारायची गोळी खातोस. म्हणून एक दिवस सोडलीस. दुसऱ्या दिवशी हात जरा स्थिर वाटला. मग सोडतच गेलास.

तो डॉक्टरांना विचारायचा प्रश्न होता रे. थरथर होते म्हणून सांगितलं असतंस तर त्यांनी डोस बघितला असता, औषध बदललं असतं. एवढं अवघड होतं का विचारणं?

काकासाहेब उठले. "माझ्या काढ्यानं काही झालेलं नाही," एवढं बोलून चपला घालून गेले. काढ्याचं कोणी काढलंही नव्हतं.

आणि आई. मला वाटलं होतं, रडेल. ती माझ्यावर ओरडली. "ऑगस्टपासून तुला माहीत होतं आणि तू मला बोलू दिलंस? एवढ्या लोकांत मला तोंडघशी पाडलंस?" मला हसूच आलं. मी म्हटलं, "आई, तुला बोलू नको म्हणणारी मी कोण? मी तर खराब रक्ताची." ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. ताट वाढून आणलं, माझ्यासमोर ठेवलं. "जेवून जा," म्हणाली.

मी जेवले नाही. भूक होती, तरी जेवले नाही.

बस लागली.

मधुवंती

देवास, २० जानेवारी २०२५

दादा,

तुझं पत्र वाचलं. या खेपेस चार पानं आहेत आणि दुसऱ्याच ओळीत वहिनीचं नाव आहे. पोस्टात टाकण्याआधी तिला वाचून दाखवलंस, हेही तिनं सांगितलं.

डिसेंबरची आणि आत्ताची, दोन्ही लेव्हल बरोबर आल्या. रिपोर्ट वहिनीनं मला पाठवले होते, मी स्वतः पाहिले. तोंडातले फोड भरत आलेत, डाळभात जळजळ न होता गेला, हे वाचून बरं वाटलं. डोळ्यांना वेळ लागेल म्हणतात. हाताची थरथर तू डॉक्टरांना सांगितलीस आणि त्यांनी डोस अगदी थोडा खाली आणला. बघ, विचारल्यावर एवढंच होतं.

धामनोदच्या मावशीला तू स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलंस, हे मला मावशीकडूनच कळलं. ती म्हणाली, "पोरगा रडत होता." मी म्हटलं, रडू दे. अजून अमझेऱ्याचे राहिलेत, आणि काकासाहेबांच्या व्याह्यांकडचे. यादी मी करून दिली आहे. एकेक फोन कर. उमाशंकरजींना मात्र करू नकोस. त्यांना मी सांगितलं आणि स्थळही मीच नको म्हटलं.

आईनं संक्रांतीला तिळगुळाचा डबा पाठवला. चिठ्ठी नव्हती. गोड बोला म्हणायचं तेवढं तीच विसरली. लॅबमधल्या बायकांना वाटून टाकला. त्यांनी मिटक्या मारत खाल्ला, माझ्या हातून घेऊन. डबा घासून परत पाठवते आहे, आत काही न घालता. तिला कळेल.

तू विचारलंस, माफ केलंस का. नाही. अजून नाही. सकाळी उठते तेव्हा राग माझ्याआधी उठलेला असतो. चहा घेतला की जरा खाली बसतो, संध्याकाळी पुन्हा येतो. डॉक्टर म्हणतात तुझी गोळी उन्हाळ्यापर्यंत थोडी थोडी कमी करत जातील, एकदम बंद करणार नाहीत. माझंही तसंच काहीसं होईल. लगेच विचारू नकोस.

गुरुवारी तुझी इंदूरला तपासणी आहे. वहिनीची त्या दिवशी शाळेत परीक्षा आहे, तिला जाऊ दे. तिनं या वर्षात खूप रजा घालवल्या. मी बुधवारी रात्री धारला येते. आईला सांग, मी आतल्या खोलीत झोपेन आणि जेवेन. सकाळी गाडीत तुझ्या शेजारी मी बसेन, नऊची कॅप्सूल मी देईन आणि तोंड उघडून दाखवायला लावीन.

रस्ता दीड तासाचा आहे. मी बोलेन की नाही, ते गाडीत बसल्यावर ठरवीन. तू मात्र बोल.

मधू